कॅसेट संपायची ती जागा

ते गाणं मला कितीतरी वर्षं अर्धंच माहीत होतं.

मावसभावाने भरून दिलेली ९० मिनिटांची कॅसेट होती. आतल्या कार्डावर त्याच्या बारीक, डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात गाण्यांची नावं. 'बी' बाजूच्या तळाशी जागा उरली नव्हती, म्हणून शेवटचं नाव कडेने उभं लिहिलेलं: 'हॅलोड बी दाय नेम', आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. मी तेव्हा शाळेत होते. बेस गिटार कुठली आणि साधी गिटार कुठली, एवढंही कळत नव्हतं. सुरुवातीला घंटेचे टोल पडायचे आणि मग एक माणूस अगदी हळू, कानाशी येऊन बोलल्यासारखा गायला लागायचा. फाशीची वेळ जवळ आलेला, कोठडीत बसलेला कैदी. हळूहळू गाणं वेग घ्यायचं, गायक बाजूला व्हायचा, गिटारी धावत सुटायच्या आणि नेमकं तिथे खट्! टेप संपलेली असायची. प्लेअरचं बटण आपोआप वर यायचं.

त्या कैद्याचं पुढे काय झालं हे मला माहीत नव्हतं. पुढे काही असेल, हेही सुरुवातीला सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मरण असंच येत असेल, वाक्याच्या मधेच, आणि ज्याने हे गाणं केलं त्याने ते मुद्दाम असं केलं असेल. पुढे कॉलेजात असताना सीडी हाती आली. सात मिनिटांहून मोठं ते अख्खं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. तरीही सवय काही गेली नाही. ती जागा आली की खांदे आपोआप आकसायचे, श्वास अडायचा आणि ती सरली की सुटायचा.

२००८ साली 'समव्हेअर बॅक इन टाइम' हा आयर्न मेडनचा दौरा सुरू झाला. या दौऱ्यात जुनीच, म्हणजे मुख्यतः ऐंशीच्या दशकातली गाणी वाजणार होती. स्टेजही १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बमच्या वेळचं, पिरॅमिड आणि स्फिंक्स असलेलं, नव्याने उभं केलं होतं. बँड, माणसं आणि टनावारी सामान एका बोइंग ७५७ विमानातून जगभर हिंडत होतं आणि ते विमान चालवायला कॅप्टनच्या खुर्चीत खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन बसायचा. ही बातमी वाचल्यावर मला कोण आनंद झाला होता! दिवसा विमान चालवायचं आणि रात्री चित्रातल्या फरोहासमोर उभं राहून गायचं, असं आयुष्य जगणारा माणूस माझ्या कॅसेटमधल्या त्या कोठडीत बसला होता.

तिकीट हातात आल्यापासून कॉन्सर्टच्या दिवसापर्यंत मी ते एका पुस्तकात ठेवलं होतं आणि ते पुस्तक दर दोन दिवसांनी उघडून बघत होते. सोबत कुणी नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या दोघांनी 'घरी ऐकलं तरी तेच गाणं असतं' असं म्हटलं. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं आता वाटतं.

गेट दुपारी उघडलं. पुढचे चार-साडेचार तास नुसतं उभं राहणं. या उभं राहण्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण माझ्यासाठी कॉन्सर्ट तिथेच सुरू झाली होती. काळ्या शर्टांचा समुद्र म्हणतात तो हाच. प्रत्येक शर्टावर एडी. मेडनच्या प्रत्येक कव्हरवर असणारा, डेरेक रिग्ज या चित्रकाराच्या हातून उतरलेला तो सापळ्याच्या चेहऱ्याचा प्राणी. कुठे तो सैनिक, कुठे ममी, कुठे यंत्रमानव. शर्टावरच्या एडीवरून माणसाचं वय ओळखता येत होतं. ज्यांचे शर्ट राखाडी होईपर्यंत धुतले गेले होते, त्यांच्याकडे नवे शर्टवाले आदराने बघत होते. माझ्या शेजारी एक मुलगा आणि त्याचे वडील उभे होते. वडिलांचा शर्ट जुना, मुलाचा कोरा. त्यांचं आपसात फारसं बोलणं चाललं नव्हतं. मधूनच वडील स्टेजवरच्या कशाकडे तरी बोट दाखवायचे आणि मुलगा मान हलवायचा.

स्टेजवर काळ्या चड्ड्या घातलेली माणसं निवांत काम करत होती. एक जण एकेक गिटार उचलून सुरात लावून परत ठेवत होता. दुसरा ड्रमच्या मागे बसला आणि त्याने पायाने मोठ्या ड्रमवर एक ठोका मारला. थांबला. पुन्हा तोच ठोका.

तो ठोका मला छातीत लागला. हे शब्दशः म्हणते आहे. कॅसेटवर, सीडीवर, हेडफोनवर मी तो ड्रम शेकडो वेळा ऐकला होता, पण हेडफोन फक्त कानाच्या पडद्याजवळची इवलीशी हवा हलवतो. ६० हर्ट्झच्या आसपासच्या खर्ज आवाजाची एक लाट ५ ते ६ मीटर लांब असते. ती कानात मावणारच नाही. ती अख्ख्या अंगावर येते, बरगड्यांच्या पोकळीत शिरते, पायांखालच्या जमिनीतून वर चढते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे वळण घेत लटकलेले स्पीकर होते. वरचे दूरवर फेकणारे, खालचे पुढच्यांसाठी वाकलेले. आणि जमिनीवर या खर्जासाठी वेगळी खोकी, माणसाच्या उंचीची. मी त्या माणसाला मनात म्हटलं, अजून एकदा मार. त्याने मारला.

अंधार पडला. आधीचा बँड वाजवून गेला. त्यांच्याबद्दल मला आज काही आठवत नाही आणि त्याचं वाईट वाटतं, कारण तेही जीव तोडून वाजवत होते. मग स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, वेळ काढायला काहीतरी लावलंय. पण मेडनच्या कॉन्सर्टआधी हे गाणं लागतं म्हणजे आता ते येणार. ही खूण कुणी कुणाला सांगितलेली नसते, ज्याच्या त्याच्याकडे ती कुठून तरी पोचलेली असते. त्या गाण्याच्या पहिल्या सुरासरशी हजारो माणसांच्या बोलण्याचा आवाज पडला आणि दुसऱ्या क्षणी तिप्पट होऊन उसळला. गाणं संपलं, दिवे गेले, आणि काळोखात चर्चिलचा आवाज आला, ४ जून १९४० चं ते किनाऱ्यांवर लढण्याचं भाषण. त्याच्या शेवटच्या शब्दाला चिकटूनच 'एसेस हाय' हे पहिलं गाणं सुटलं.

आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही!

पुढे सगळ्या पाठी. सगळे एकदम उड्या मारायला लागले होते आणि मी माझ्या उंचीनिशी दोन खांद्यांच्या मधे सापडले होते. एवढी वर्षं थांबून मी पाठी बघायला आले का, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या धिप्पाड माणसाला काय जाणवलं कुणास ठाऊक, त्याने मागे वळून बघितलं आणि ओरडून म्हणाला, "माझ्यापुढे या, इथे उभ्या राहा." त्याने मला पुढे घेतलं, माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढे काढून बॅरिकेडचा गज धरला आणि पुढचे पावणेदोन तास ती जागा माझ्यासाठी राखली. मागून लोंढा आला की त्याचे हात थरथरायचे, पण त्याने माझ्या पाठीला धक्का लागू दिला नाही. मधेमधे मी मागे बघितलं तेव्हा तो डोळे मिटून गात होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्याने माझं विचारलं नाही.

मग मला ते सगळे दिसले. पहिल्यांदा वाटलं ते हे, की ही माणसं आहेत. डेव्ह मरी गिटारकडे न बघता समोरच्या प्रत्येकाकडे बघून हसतोय. एड्रियन स्मिथ जपून, नेमका, एका जागी. यानिक गर्स गिटार गळ्याभोवती फिरवतोय, पाय वर टाकतोय. १९९९ मध्ये स्मिथ आणि डिकिन्सन परत आले तेव्हा यानिकला कुणी जा म्हटलं नाही, तिघे गिटारवाले राहिले, ही मला या बँडची सगळ्यात आवडती गोष्ट. आणि ड्रमच्या डोंगरामागे निको मॅकब्रेन, पंचावन्नच्या घरातला. जवळजवळ दिसतच नाही, मधूनच नुसता केसांचा झुपका आणि हवेत गेलेली काठी. तो अनवाणी वाजवतो. एकाच पायाने, एकाच पेडलवर तो जे ठोके काढतो ते ऐकून कितीतरी जण दोन पेडल समजतात. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि काही महिन्यांत तो पुन्हा त्या डोंगरामागे जाऊन बसला. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोमध्ये बँडबरोबरच्या दौऱ्यात त्याने शेवटचं वाजवलं आणि तो थांबला. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या रात्रीचा तो पहिला ठोका आठवला. तो त्याने मारलेला नव्हता, ड्रम तपासणाऱ्या माणसाने मारला होता. पण ड्रम त्याचा होता.

आता स्टीव्ह हॅरिसबद्दल. हे सगळं लिहायला बसले ते खरं म्हणजे त्याच्यासाठीच.

१९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये बँड काढला तो त्याने. बहुतेक गाणी त्याची. तो बेस वाजवतो. दोन बोटांनी, घोडा चौखूर सुटल्यासारखा. एक पाय पुढच्या मॉनिटरवर, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरवर, ठेवून बेसचा दांडा बंदुकीसारखा लोकांवर रोखतो, हे मी फोटोंत हजारदा बघितलं होतं. 'फिअर ऑफ द डार्क' लागलं. ते १९९२ चं, एकट्या हॅरिसचं. त्याच्या सुरुवातीला गिटारची संथ धून आहे. शब्द नाहीत, नुसते सूर, आणि ते लोक गातात. सगळे. लहान मूल अंगाईला हुंकार देतं तसा अख्ख्या मैदानाने त्या धुनेला सूर लावला.

त्यात एक गंमत होती, आधी मला कळेना काय ते. सूर एकच, पण तो लाटेसारखा मागून पुढे येत होता, एका जागी ठरत नव्हता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला सूर जवळपास पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो, तो तेव्हा गायला लागतो, आणि त्याचं गाणं पुढे आमच्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. मोठ्या मैदानात मागे जे स्पीकरचे मनोरे उभारतात त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात, म्हणजे पुढून आलेल्या आवाजाशी तो जुळतो. स्पीकर जुळवता येतात. माणसं कोण जुळवणार? आम्ही पुढचे एक सूर गाऊन दुसऱ्यावर जायचो तेव्हा मागून पहिला सूर येऊन पाठीवर आदळायचा. बेसूर नव्हतं ते. माझ्या आयुष्यात मी एवढं भरलेलं काही ऐकलेलं नाही.

तेव्हा हॅरिस आमच्या बाजूला आला. पाय मॉनिटरवर. त्याच्यासमोर माईक नव्हता. मी बोटांकडे बघत होते आणि नजर सहज वर गेली. त्याचे ओठ हलत होते. तो गात होता. प्रत्येक शब्द, अक्षर न् अक्षर, डोळे समोरच्यांच्या डोळ्यांत घालून. ज्याने ते गाणं लिहिलं तो माणूस ते आमच्यासारखाच, कुणाला ऐकू जाणार नाही हे माहीत असून, आनंदाने गात होता. पंधरा-सोळा वर्षं तेच गाणं रात्रीमागून रात्री वाजवून झाल्यावर! त्याला शब्द म्हणायची काहीच गरज नव्हती. गायक होता, मैदान होतं.

माझ्या खोलीत, दार लावून, हेडफोन घालून मी तश्शीच गायचे. आवाज न काढता. घरात कुणाला कळू नये म्हणून नुसते ओठ हलवत. मला वाटायचं, हे आपलं खासगी आहे आणि जरा वेडेपणाचं. ते मला थेट स्टेजवरून दिसलं. त्याच्या ओठांबरोबर माझे ओठ चाललेत हे मला कळलं तेव्हा मी रडत होते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

बाकीची रात्र तुकड्यातुकड्यांनी आठवते. तेरा मिनिटांहून मोठं 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर', इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं. त्याच्या मधे एक जागा अशी येते की वाद्यं जवळपास थांबतात, जहाजाचे दोर करकरतात, बेसचे चार-दोन सूर तरंगत राहतात. त्या जागी हजारो माणसं गप्प झाली. ओरडणाऱ्या माणसांचं असं गप्प होणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. डावीकडे एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली, तर दहा हातांनी तिला वरच्या वर उचलून बॅरिकेडपलीकडे दिलं आणि कुठून कुठून पाण्याच्या बाटल्या पुढे आल्या. पाच मिनिटांनी ती पलीकडून अंगठा दाखवत होती. एडी स्टेजवर चालत आला, सगळ्यांहून उंच, आणि मघाचा तो गंभीर बाप लहान मुलासारखा किंचाळला. मुलगा एडीकडे न बघता बापाकडे बघत होता.

आजच्यासारखे मोबाइलचे पडदे तेव्हा वर गेलेले नव्हते. मोजके होते. माझ्याकडे त्या रात्रीचा एकही फोटो नाही. असता तर मी तो बघितला असता आणि मग मला फक्त तो फोटो आठवला असता, असं मला वाटतं.

एक चूक मात्र झाली, ती सांगायला हवी, कारण कॉन्सर्टला पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण ती करतो. कानात घालायचे बोळे मी नेले नव्हते. ते घातले तर गाणं नीट ऐकू येणार नाही, असं वाटलं होतं. उलट आहे. चांगले बोळे आवाज विस्कटत नाहीत, फक्त खाली आणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने जास्तीत जास्त १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. स्पीकरच्या जवळ, बॅरिकेडला चिकटून पावणेदोन तास उभं राहिलेल्या माझ्या कानांत पुढचे दोन दिवस शिट्टी वाजत होती. ती गेली, माझं नशीब. कानांच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्याला हे संगीत आवडतं त्याने तर कान जपलेच पाहिजेत. ते गेले तर पुढच्या वेळी काय घेऊन जाणार?

शेवटचं गाणं लागायच्या आधी स्टेजवर अंधार झाला. मग घंटा.

त्या दौऱ्यात शेवटी 'हॅलोड बी दाय नेम' वाजतं हे मी मुद्दामच कुठे वाचलं नव्हतं. पहिल्या टोलाला माझे हात गार पडले. ब्रूस गायला लागला, हळू, तसाच, कानाशी येऊन. इतक्या लोकांत तो कैदी एकटाच होता. गाणं उठलं, वेग आला, गायक बाजूला झाला, गिटारी धावत सुटल्या. ती जागा आता येणार, हे माझ्या खांद्यांना माझ्याआधी कळलं. ते आकसले. श्वास अडला. खट् व्हायची वेळ आली.

झालं नाही.

तिन्ही गिटारी पुढे गेल्या, ड्रम पुढे गेला, त्या माणसाच्या हातांनी धरलेला गज माझ्या पोटाशी थरथरत होता आणि गाणं पुढे, पुढे, पुढे चाललं होतं. सीडीवर हा भाग मी शेकडो वेळा ऐकलेला. पण त्या रात्री तो पहिल्यांदा घडला. माझ्यासमोर, माणसांच्या हातून. शेवटी ब्रूसने गाण्याचं नाव लांबवून घेतलं, मैदानाने ते त्याच्याकडून उचललं आणि मी तोंड उघडलं तर आवाज फुटला तो ओळखीचा नव्हता. एवढ्या मोठ्याने मी कधी गायलेच नव्हते.

दिवे लागले. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं ते शीळ घालत म्हणायचं गमतीदार गाणं लागलं, ते नेहमीच लावतात. घामाने निथळणारी, पाय ओढणारी माणसं शीळ घालत गेटकडे निघाली. मी वळून बघितलं तर माझ्यामागचा माणूस दोन्ही तळवे चोळत होता. तळव्यांवर गजाचे लाल वळ. मी काहीतरी बोलायला गेले, आवाजच निघेना. हात जोडले. त्यानेही जोडले आणि गर्दीत गेला.

दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन आला. माझ्याने बोलवेना, म्हणून तोच बोलत होता. कुजबुजत मी त्याला कसंबसं विचारलं, "दादा, ते शेवटचं गाणं तू अर्धं का भरलंस? टेप पुरणार नाही हे दिसत नव्हतं का तुला?"

"दिसत होतं की," तो म्हणाला. "दोन मिनिटं कमी पडत होती. दुसरं छोटं गाणं घालता आलं असतं. पण म्हटलं, अर्धं तर अर्धं, हे तुझ्याकडे जायलाच हवं. उरलेलं तू शोधशीलच."

फोन ठेवला आणि खोक्यातून ती कॅसेट काढली. कार्डावरची शाई फिकट जांभळी झाली होती. प्लेअर अजून चालत होता. 'बी' बाजू लावली, शेवटपर्यंत पुढे नेली. टोल पडले. घसा पार बसला होता, म्हणून नुसते ओठ हलवत राहिले, शब्द न् शब्द. गिटारी धावत सुटल्या.

खट्.

बटण वर आलं, चाकं थांबली. मी थांबले नाही. राहिलेली दोन मिनिटं खिडकीकडे बघत तशीच गायले, आवाजाशिवाय, शेवटच्या ओळीपर्यंत.